अध्यात्म आणि मानसोपचार एकत्र आणताना या चुका टाळा

समुपदेशनाच्या खोलीत येणाऱ्या मराठी माणसाबरोबर बहुधा विठ्ठल, गजानन महाराज किंवा स्वामी समर्थही येतात. त्यांना दाराबाहेर ठेवायला सांगणारा मानसतज्ज्ञ निम्म्याच माणसाशी बोलत असतो, असे माझे मत आहे. मात्र ही सांगड चुकीची बसली की उपचार अडतो. तो कुठे अडला हे पाहताना काही ठरावीक चुका पुन्हा पुन्हा आढळतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शिकवण वेळेआधी देणे. ती मी स्वतः केली आहे. एकुलता एक मुलगा गमावलेल्या बाई तीन महिन्यांनी माझ्याकडे आल्या होत्या. रोज हरिपाठ म्हणतात असे त्यांनीच सांगितल्यामुळे मी आत्म्याच्या अमरत्वाविषयी बोलले. त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, "हो, कळतंय मला," म्हणाल्या आणि रडणे थांबवले. मला वाटले, आधार मिळाला. पुढच्या भेटीला त्या आल्याच नाहीत. कितीतरी महिन्यांनी परतल्या तेव्हा म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्हीही तेराव्याला आलेल्या पाहुण्यांसारखंच बोललात." अमेरिकी मानसतज्ज्ञ जॉन वेलवुड यांनी 1984 मध्ये या प्रकाराला 'स्पिरिच्युअल बायपासिंग' असे नाव दिले, आपण त्याला आध्यात्मिक पळवाट म्हणू शकतो. मन न सोसलेल्या दुःखाला वळसा घालून थेट शांतीपाशी पोहोचू पाहते, आणि घाईत असलेला उपचारकही त्याला हातभार लावतो. "सगळी देवाची इच्छा" हे वाक्य सपाट आवाजात येत असेल आणि झोप उडालेली असेल, तर तिथे तत्त्वज्ञान पुढे करू नये. त्या दिवशी नेमके काय घडले, तो मुलगा कसा होता, हे विचारावे आणि ऐकत राहावे.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे, कारण ती साधनेचाच वेष घेऊन येते. अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेली आरईबीटी ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती सांगते की प्रसंगाइतकाच, किंबहुना अधिक, त्रास त्या प्रसंगाविषयीच्या हट्टी मागण्यांमुळे होतो. या विचारासाठी एलिस एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाचे ऋण मानत असत. "मला राग येताच कामा नये" ही तशीच मागणी आहे. माणूस आधी सुनेवर रागावतो आणि मग "इतकी वर्षे जप करून काय उपयोग, माझी साधनाच कमी पडली" म्हणून स्वतःवर रागावतो. अशा वेळी जप सोडायला सांगणे चुकीचे आणि वाढवायला सांगणे त्याहून चुकीचे. मी त्या व्यक्तीच्या परंपरेतलेच उदाहरण घेते. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, ही कथा वारकरी घरात सर्वांना ठाऊक असते. ज्ञानदेवांनाही वाईट वाटले हे ध्यानात आले की "येताच कामा नये" या मागणीचे "येऊ नये अशी माझी इच्छा आहे" असे रूपांतर करणे पुष्कळ सोपे जाते.

ध्यान सर्वांना सारखेच मानवते, हाही गैरसमज आहे. ज्यांनी अत्याचार किंवा अपघात सोसला आहे, त्यांना डोळे मिटून श्वासाकडे पाहताना कधी कधी तोच प्रसंग पुन्हा भोगावा लागतो. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, तळपाय जमिनीवर टेकवावेत, किंवा टाळ वाजवत मोठ्याने नाम घ्यावे. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात बहुतांश काळ मौन पाळून दररोज सुमारे दहा तास ध्यान करायचे असते. तिथल्या अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधे विचारलेली असतात. प्रवेश मिळावा म्हणून ती माहिती लपवणे धोक्याचे आहे.

औषधांच्या बाबतीत तर तडजोड नाहीच. "आता नामस्मरण आहे, गोळ्या कशाला" म्हणून लिथियम हे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचे औषध एकदम बंद केल्यास उन्माद किंवा नैराश्य उलटण्याचा धोका वाढतो. मात्रा कमी करायची की नाही, हे मनोविकारतज्ज्ञच ठरवतील. आत्महत्येचे विचार येत असतील तर प्रवचनाची वाट पाहू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची 14416 या क्रमांकावरची मोफत सेवा दिवसरात्र मराठीतही उपलब्ध आहे.

शेवटची चूक आम्हा उपचारकांची. आपली श्रद्धा नास्तिक किंवा वेगळ्या धर्माच्या व्यक्तीवर लादणे अयोग्य आहे, हे बहुतेकांना पटते. गुरुपद नाकारणे मात्र अवघड जाते. सत्र संपताना कोणी पाया पडायला वाकले की बरे वाटते, आणि नेमक्या त्याच क्षणापासून ती व्यक्ती आपले म्हणणे खोडून काढायचे थांबवते. मी तेव्हा हात जोडून नमस्कार करते, त्यांना पुन्हा खुर्चीत बसवते आणि विचारते, "आज मी बोलले त्यातलं तुम्हाला काय पटलं नाही?"