दिवसभर पुरणारे इन्सुलिन कसे घ्यावे, कसे जपावे

“आज पोटात काही नाही, मग ते टोचून कशाला घ्यायचं?” असे माझ्या आईने इन्सुलिन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच एकादशीला विचारले होते. प्रश्न रास्त होता, पण त्यामागे एक गैरसमज होता. ग्लार्जिन किंवा डेग्लुडेक यांसारखे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन जेवणासाठी नसतेच. आपण झोपेत असतानाही यकृत रक्तात थोडी थोडी साखर सोडत असते आणि हे इन्सुलिन ती आवरून धरते. त्यामुळे मात्रा योग्य असेल, तर एखादे जेवण चुकल्याने साखर धोकादायकरीत्या घसरू नये. मात्र दिवसभराचा उपवास असेल, सोबत ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा जेवणाआधीचे इन्सुलिनही चालू असेल, तर त्या दिवशी कशाची मात्रा किती कमी करायची हे डॉक्टरांना आदल्या आठवड्यातच विचारून ठेवावे. स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद करू नये. टाइप १ मधुमेह असणाऱ्यांनी तर ताप किंवा उलट्या असतानाही हे इन्सुलिन थांबवू नये, कारण त्यातून रक्तात कीटोन नावाची आम्ले साठून जिवावर बेतू शकते.

ग्लार्जिनचे द्रावण आम्लधर्मी असते. त्वचेखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि ते हळूहळू विरघळत सुमारे २४ तास पुरतात. डेग्लुडेकचा परिणाम ४२ तासांहून अधिक टिकतो. आम्लधर्मी असल्यामुळेच ग्लार्जिन दुसऱ्या कोणत्याही इन्सुलिनसोबत एका सिरिंजमध्ये मिसळायचे नसते. आणखी एक गोष्ट म्हणजे ही इन्सुलिने पाण्यासारखी स्वच्छ दिसतात आणि जेवणाआधीचे झटपट काम करणारे इन्सुलिनही तसेच दिसते. ज्यांच्याकडे इन्सुलिन टोचण्याची दोन पेने आहेत, त्यांनी रात्रीच्या पेनाला रबरबँड गुंडाळून ठेवावा, म्हणजे दिवे घालवल्यावरही हाताला फरक कळतो. झोपताना चुकून झटपट काम करणाऱ्या इन्सुलिनची २० युनिट गेली, तर ती रात्र घरात काढायची नसते, थेट रुग्णालय गाठायचे असते.

वेळ ठरलेली असावी. विरार किंवा कर्जत लोकलने येणारा माणूस एक दिवस आठला घरी पोहोचतो, तर दुसऱ्या दिवशी साडेदहाला. अशांनी “ऑफिसातून आल्यावर” ही वेळ धरू नये, त्यापेक्षा सकाळची आंघोळ किंवा झोपण्याची वेळ बरी, आणि ती डॉक्टरांशी बोलून ठरवावी. एखादी मात्रा चुकली, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. डेग्लुडेकच्या दोन मात्रांमध्ये निदान आठ तासांचे अंतर हवेच.

भारतात सर्वांत घातक गोंधळ होतो तो सिरिंजचा. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असून ४० च्या सिरिंजचे टोपण सहसा लाल, तर १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत १०० चे इन्सुलिन भरले, तर शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. म्हणून केमिस्टने हातावर ठेवलेली सिरिंज तशीच पिशवीत न टाकता कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा दुकानातच जुळवून पाहावा. पेनातील कार्ट्रिजमधून, म्हणजे औषधाच्या नळीतून, सिरिंजने औषध काढण्याची काटकसर तर कधीच करू नये.

पेन वापरताना नवी सुई लावून आधी २ युनिट हवेत सोडावीत. सुईच्या टोकाशी थेंब दिसला नाही, तर पुन्हा सोडावीत. थेंब दिसल्यावरच आपली मात्रा फिरवावी. ४ मिलिमीटरची सुई बहुतेकांना पुरते आणि ती सरळ काटकोनात टोचायची असते. बटण पूर्ण दाबल्यानंतर सावकाश दहा आकडे मोजावेत आणि मगच सुई बाहेर काढावी, नाहीतर औषध त्वचेवर ओघळते. टोचून झाल्यावर सुई पेनाला लावून ठेवू नये. वापरलेल्या सुया घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवाव्यात. कचरा उचलणाऱ्याच्या हाताला त्या टोचू नयेत, एवढी जबाबदारी आपली आहेच.

जागा बदलण्याचा सल्ला सगळेच ऐकतात आणि फार थोडे पाळतात. माझ्या आईला बेंबीच्या उजवीकडची एक जागा सापडली होती, “तिथं दुखतच नाही” म्हणून. सहा महिन्यांनी मी तिथे बोटे फिरवली, तर लिंबाएवढा मऊ उंचवटा लागला. वारंवार एकाच जागी टोचल्याने तेथील चरबी अशी वाढते, तिथे दुखत नाही हे खरे, पण औषध कधी शोषले जाते, कधी जात नाही, आणि साखर वाटेल तशी वरखाली होत राहते. पोटावर बेंबीपासून चार-पाच सेंटिमीटर जागा सोडून, तसेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला, दर वेळी बोटभर अंतर राखत पुढे सरकावे. गाठ सापडली, तर ती जागा सोडण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, कारण निरोगी त्वचेतून तीच मात्रा जास्त परिणाम करते आणि साखर एकदम खाली जाऊ शकते.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रिजच्या मधल्या भागात ठेवावे, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला जसेच्या तसे असू शकते, तरी ते फेकूनच द्यावे. वापरात काढलेले ग्लार्जिन ३० अंशांखाली २८ दिवस चालते. तीन मिलिलिटरच्या पेनात ३०० युनिट असतात, त्यामुळे रोज आठच युनिट घेणाऱ्याकडे २८ व्या दिवशी थोडे औषध उरते. जीवावर आले तरी ते टाकावे आणि पेन उघडल्याची तारीख पहिल्याच दिवशी चिकटपट्टीवर लिहून ठेवावी. मडक्यात ठेवण्याचा जुना उपाय विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी पडतो, पण मुंबईच्या दमट मे महिन्यात मडक्यावरचे पाणी सावकाश उडते आणि ते फारसे गार होत नाही. उघडलेले पेन फ्रिजमध्ये ठेवावे की नाही, याचा नियम औषधागणिक वेगळा असल्याने पाकिटातील पत्रक वाचावे.

मात्रा वाढवायची ती रिकाम्या पोटीची साखर पाहून. जेवणानंतरची साखर चढते म्हणून रात्रीचे युनिट वाढवत नेणे ही नेहमीची चूक आहे. झोपतानाचा आणि सकाळचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहावा. त्या दोहोंत रोजच ५० हून अधिक घसरण दिसत असेल, तर मात्रा जास्त होत असण्याची शक्यता असते आणि ती वही डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, उगाच चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणे होत. आकडा ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातील चरबीमुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. आकडा वर आल्यावरही निश्चिंत झोपू नये. हे इन्सुलिन अजून कित्येक तास काम करणार असते, म्हणून अर्धी पोळी किंवा थोडा भात खावा, पहाटे तीनला गजर लावून एकदा बोट टोचून पाहावे आणि पुढची मात्रा घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.