म्युनिकमधला डिसेंबर: नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांनो, या चुका टाळा

पुण्या-नाशिकहून म्युनिकला आलेलं कुटुंब हिवाळ्याची तयारी म्हणून आधी जाडजूड जॅकेटं घेतं. ती हवीतच. पण नोव्हेंबर सरता सरता घरात ज्या अडचणी सुरू होतात, त्यातल्या बहुतेकींच्या मुळाशी पाणी असतं. मुलाच्या बनियनमध्ये जिरलेला घाम, खिडकीच्या काचेवरून ओघळणारी वाफ, दुपारी वितळून रात्री फुटपाथवर पुन्हा गोठलेला बर्फ. अंग कोरडं असेल तर उणे ५ अंशांतही लहान मूल मजेत तासभर खेळतं, आणि मोजे ओले झाले की शून्यालाच कुडकुडायला लागतं. म्हणून थर्मामीटरपेक्षा ओल कुठे साचते आहे यावर लक्ष ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे डिसेंबरातल्या तारखा. त्या इथे कुणी मुद्दाम सांगत नाही, कारण त्या सगळ्यांना माहीत आहेत असंच धरलेलं असतं.

भिंतीवरचे काळे ठिपके

सगळ्यात जास्त मनस्ताप याचा होतो. आपला स्वयंपाक वाफेचा: कुकर, उकळती आमटी, दिवसातून तीनदा चहा. त्यात गरम पाण्याच्या लांबलचक अंघोळी आणि बाहेर वाळत नाहीत म्हणून हॉलमध्ये स्टँडवर पसरलेले कपडे. चार माणसांच्या घरात दिवसाला साधारण ६ ते १२ लिटर पाणी वाफ होऊन हवेत जातं. ते बाहेर काढलं नाही, तर घरातल्या सगळ्यात गार जागी जाऊन बसतं. खिडकीची चौकट, बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची बाजू. काही आठवड्यांत तिथे बुरशी धरते.

थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्या बंदच ठेवणं ही पहिली चूक. एक खिडकी वरून तिरकी करून दिवसभर तशीच सोडणं ही दुसरी, आणि ती जास्त फसवी, कारण आपण हवा खेळती ठेवतोय असं वाटत राहतं. त्या फटीतून हवा फारशी बदलत नाही. आजूबाजूची भिंत मात्र गार पडते आणि बुरशी नेमकी तिथेच येते. इथली पद्धत 'श्टोसल्युफ्टन'ची आहे: हीटरचे नॉब बंद करायचे, समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या आणि ५ मिनिटांनी लावून घ्यायच्या. दिवसातून तीन-चार वेळा. सकाळी उठल्यावर, अंघोळी झाल्यावर, स्वयंपाक झाल्यावर आणि झोपण्याआधी.

"बाहेर धुकं आहे, बर्फ पडतोय, ती ओली हवा घरात कशाला घ्यायची?" असं घरातलं मोठं माणूस हमखास विचारतं. शंका रास्त आहे. पण शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेत जेमतेम ५ ग्रॅम पाणी मावतं, आणि २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅम. त्यामुळे बाहेरची ओलसर वाटणारी हवा घरात येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली येते. ती खोलीतली वाफ शोषून घेते आणि पुढच्या खेपेला खिडकी उघडली की सोबत घेऊन जाते. ५ मिनिटांत भिंती आणि फर्निचर गार होत नाहीत, त्यामुळे खोली पुन्हा लवकर उबदार होते.

स्वयंपाकघरातल्या चिमणीवर विसंबू नका. भाड्याच्या बऱ्याच फ्लॅटमधली चिमणी हवा बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून परत आत सोडते. फोडणीचा वास कमी होतो, वाफ तिथल्या तिथे राहते. म्हणून स्वयंपाक करताना दार लावून घ्या आणि झाल्याबरोबर खिडकी उघडा. कपाटं, पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, ५ ते १० सेंटिमीटर जागा सोडा. हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा हायग्रोमीटर स्वस्तात मिळतो. तो ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये असला की निश्चिंत राहा.

बुरशी आलीच तर तिच्यावर रंग मारून झाकू नका. अर्ध्या चौरस मीटरहून लहान, वरवरचा डाग ७० ते ८० टक्क्यांच्या अल्कोहोलने पुसता येतो. त्या वेळी खिडकी उघडी ठेवा आणि जवळ दिवा, मेणबत्ती काही पेटवू नका. व्हिनेगर वापरू नका, चुन्याच्या भिंतीवर त्याचा उपयोग होत नाही. डाग मोठा असेल किंवा पुन्हा पुन्हा येत असेल, तर फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं नंतर उपयोगी पडत नाही. दोष तुमच्या वाफेचा की भिंतीचा यावर वाद झालाच, तर भाडेकरूंची संघटना, म्हणजे 'मीटरफेराइन', सल्ला देते.

हीटरबद्दल एक गैरसमज पक्का असतो: नॉब ५ वर नेला की खोली लवकर तापते. तसं होत नाही. नॉबवरचा आकडा वेग सांगत नाही, शेवटी खोली किती तापवायची ते सांगतो. ३ म्हणजे साधारण २० अंश, ५ म्हणजे २८. तिथपर्यंत पोचण्याचा वेग तोच. ३ वर ठेवा आणि झोपण्याच्या खोलीत थोडं कमी.

मुलांचे कपडे: जास्त नको, नीट हवेत

इथल्या बालवाडीत, म्हणजे 'किटा'त, मुलांना बहुतेक रोज बाहेर नेतात. बर्फ असो, चिखल असो. आपल्याकडचे आई-बाबा काळजीपोटी एकावर एक चार सुती कपडे घालून पाठवतात. मूल धावतं, घामेजतं, सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि खेळ थांबला की तोच ओला कपडा अंग गार करतो. आतला थर लोकरीचा किंवा घाम पुढे सोडणाऱ्या कापडाचा घ्या, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यात वर पाणी आत न येऊ देणारा स्नोसूट. मुलाला थंडी वाजते का हे हाताच्या बोटांवरून ठरवू नका, मानेमागे हात लावून पाहा. मान उबदार आणि कोरडी असेल तर कपडे बरोबर आहेत. घामट असेल तर एक थर कमी करा.

बुटात दोन-दोन मोजे कोंबल्याने पाय जास्त गारठतात. बूट घट्ट झाला की आत हवा राहत नाही, रक्तपुरवठाही नीट होत नाही. अंगठ्यापुढे सेंटिमीटरभर जागा राहील असा बूट आणि लोकरीचा एकच मोजा पुरे. लांब मफलर घसरगुंडीत किंवा शिडीत अडकून गळ्याला फास बसू शकतो, त्याऐवजी गळ्यापर्यंत येणारी टोपी घ्या. हातमोज्यांचे दोन जोड किटात ठेवा, प्रत्येकावर नाव घाला.

यातली एक चूक जिवावर बेतणारी आहे. जाड जॅकेट घालून मुलाला कारसीटमध्ये बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसल्यावर जॅकेटातली हवा दबते आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढा, पट्टा अंगासरशी बसवा आणि वरून पांघरूण घाला.

२१ डिसेंबरच्या सुमारास म्युनिकमध्ये सकाळी ८ ला सूर्य उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. शाळेत जाता-येता अंधारच असतो, त्यामुळे जॅकेटवर आणि दप्तरावर चमकणाऱ्या पट्ट्या हव्यात. ऑक्टोबर ते मार्च इथलं ऊन त्वचेत पुरेसं ड जीवनसत्त्व तयार करण्याइतकं प्रखर नसतं आणि सावळ्या त्वचेला तर ते आणखी कमी पडतं. तान्ह्या बाळांना रोजचे थेंब इथे सर्रास देतात. बाकी घरानेही आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं, मनाने मोठा डोस सुरू करू नये.

फुटपाथवरचा बर्फ आणि तुमची जबाबदारी

ताजा भुसभुशीत बर्फ फारसा घातक नाही. घातक तो वितळून पुन्हा गोठलेला, काचेसारखा, डोळ्यांना न दिसणारा थर. गोठणारा पाऊस त्याहून वाईट. २ डिसेंबर २०२३ ला म्युनिकमध्ये ४० सेंटिमीटरहून जास्त बर्फ पडला आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. त्यानंतर तीनच दिवसांनी गोठणाऱ्या पावसामुळे तो सकाळभर पुन्हा बंद होता. असा इशारा जर्मन हवामान खात्याच्या 'वॉर्नवेटर' ॲपवर आला, तर सायकल काढू नका, आणि शक्य असेल तर घरूनच काम करा.

चालताना आपण सवयीने टाच आधी टेकवतो आणि तीच निसटते. इथले अस्थिरोगतज्ज्ञ पेंग्विनसारखं चालायला सांगतात: छोटी पावलं, तळवा पूर्ण टेकलेला, शरीराचा भार पुढच्या पायावर. हात खिशात नकोत, तोल जायला लागला तर ते मोकळे हवेत. भारतातून आलेल्या आजी-आजोबांची मला खरोखर काळजी वाटते. त्यांच्या पायात बहुधा सपाट तळाचे स्पोर्ट्स शूज असतात आणि साडीचा किंवा पायजम्याचा घोळ पायात येतो. त्यांना खोल खाचांचे बूट घेऊन द्या. बुटावर चढवायचे रबरी काटे मिळतात, तेही घ्या. मांडीचं हाड मोडलं तर प्रवासविम्याच्या अटींपासून सगळंच अवघड होऊन बसतं.

दुसरी बाजू बऱ्याच जणांना ठाऊक नसते. घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ काढण्याची जबाबदारी करारानुसार भाडेकरूवर असू शकते. करार आणि जिन्यातली पाळीची यादी आताच वाचा. म्युनिकमध्ये ही वेळ कामाच्या दिवशी सकाळी ७ ते रात्री ८, रविवारी आणि सुटीला सकाळी ८ पासून. तुमच्या पाळीच्या दिवशी कुणी घसरून पडलं तर भरपाईचा दावा तुमच्यावर येऊ शकतो, म्हणून खासगी दायित्वाचा विमा नसेल तर काढून घ्या. आणि दुकानातून मीठ आणून टाकू नका. शहरात खासगी माणसाला त्याची साधारणपणे मनाई आहे, बारीक खडी टाकायची असते.

गाडीचं थोडक्यात: काचेवर गरम पाणी ओतू नका, ती तडकते. समोर एवढंसं भोक खरवडून गाडी हाकलण्याला १० युरो दंड आहे, आणि बर्फ खरवडताना इंजिन चालू ठेवण्याला ८०. हिवाळी टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह हवं, ऑक्टोबर २०२४ पासून तेच ग्राह्य धरतात.

तारखा चुकवू नका

५ डिसेंबरच्या रात्री मुलं बूट पुसून दाराबाहेर ठेवतात आणि ६ ला सकाळी निकोलाउसने, म्हणजे मुलांना खाऊ आणणाऱ्या संताने, त्यात चॉकलेट, अक्रोड, संत्री ठेवलेली असतात. "आपला सण नाही" म्हणून हे सोडून दिलं, तर किटात सगळी मुलं काय मिळालं ते सांगत असताना आपलं मूल गप्प बसून राहतं. मूठभर अक्रोडांचा प्रश्न आहे, तेवढं जरूर करा. चंपाषष्ठी, दत्तजयंतीही याच सुमारास येतात, घरात दोन्ही सुखाने नांदतात. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, नाताळच्या भेटी 'क्रिस्टकिंड', म्हणजे बाळ येशू, आणतं आणि त्या २४ च्या संध्याकाळी उघडतात, २५ च्या सकाळी नाही. मित्राच्या घरी भेट पोचवायची असेल तर त्याआधी पोचवा. नाताळच्या जत्रेत मुलांसाठी 'किंडरपुन्श', म्हणजे दारू नसलेलं गरम पेय, मागा. मोठ्यांची 'ग्ल्यूवाइन' म्हणजे गरम वाइन असते, वासाने फरक कळेलच असं नाही.

ॲडव्हेंटची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांची, चार मेणबत्त्यांची हिरवी माळ चौथ्या रविवारपर्यंत पार वाळते आणि क्षणात पेट घेते. ती पेटती ठेवून खोलीबाहेर जाऊ नका. मार्गशीर्षातल्या गुरुवारी धुपाने किंवा वांगं भाजताना धुराचा अलार्म वाजला, तर खिडकी उघडा. त्याची बॅटरी काढून ठेवू नका. बव्हेरियात घरोघरी तो सक्तीचा आहे आणि या महिन्यात त्याची गरज सगळ्यात जास्त.

२४ ला दुकानं दुपारी २ पर्यंत बंद होतात, २५ आणि २६ ला सुट्टी, रविवारी तर नेहमीच बंद. २०२६ मध्ये २५ ला शुक्रवार आहे, म्हणजे शुक्र, शनि, रवि सलग तीन दिवस बंद. दूध, पीठ, डायपर, तापाचं औषध २३ पर्यंत घरात हवं. सुटीत डॉक्टर लागला तर ११६११७ वर फोन करा, जिवावरचं असेल तर ११२.

भारतात जाणार असाल तर

स्वस्त तिकिटासाठी मुलाला सुट्टीच्या चार दिवस आधी शाळेतून काढून नेऊ नका. जर्मनीत शाळा सक्तीची आहे, स्वस्त तिकीट हे रजेचं कारण धरत नाहीत, दंड होतो. बव्हेरियात सुट्ट्यांच्या तोंडावर पोलिसांनी विमानतळावर शाळकरी मुलांच्या कुटुंबांची चौकशी केल्याचीही उदाहरणं आहेत. लग्नासारखं खरं कारण असेल तर मुख्याध्यापकांकडे वेळेत लेखी अर्ज करा.

वीज-गॅस वाचवायला हीटर पूर्ण बंद करून जाणंही महागात पडतं, पाइप गोठून फुटू शकतात. नॉब हिमकणाच्या चिन्हावर ठेवा, खोली ६ अंशांच्या खाली जात नाही. थंडी कडक असेल तर १ किंवा २ वर. सगळ्या खिडक्या पूर्ण लावा, तिरक्या सोडू नका. बर्फ काढायची पाळी तुमच्या गैरहजेरीत येत असेल तर शेजाऱ्यांशी बदलून घ्या आणि ते व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून ठेवा. चावी आणि भारतातला फोन नंबरही त्यांच्याकडे देऊन जा.