‘ओखा’ दिसला की आधी काय बघायचं

करवतीच्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद करताना मी एकदा बिनधास्त लिहून ठेवलं होतं, ‘पान झिजलं की बदला’. मूळ स्पॅनिश शब्द होता ‘ओखा’. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एच असतो, पण तो मुका. ‘ख’ घशातून खरवडून काढायचा; कॅरिबियन भागात तो नुसता ‘ह’ होतो. अर्थ झाडाचं पान, हे पहिल्या महिन्यात पाठ केलेलं. करवतीला पान नसतं, पातं असतं, हे तपासणाऱ्याने लाल शाईत लिहून पाठवलं.

तेव्हापासून मी हा शब्द आला की थांबते आणि आधी त्याच्या पुढचा ‘दे’ (म्हणजे ‘चा-ची-चं’) शोधते. बहुतेक वेळा तिथेच निकाल लागतो. ‘ओखा दे लाउरेल’ म्हणजे तमालपत्राच्या जातकुळीतलं स्वयंपाकातलं पान, ‘ओखा दे आफेइतार’ म्हणजे दाढीचं ब्लेड, ‘ओखा दे काल्कुलो’ म्हणजे स्प्रेडशीट. ‘ओखा दे विदा’चा शब्दशः अर्थ ‘आयुष्याचं पान’. काव्यात्म वाटतं, पण कोलंबियात नोकरीच्या अर्जासोबत जोडायचा बायोडेटा तो हाच. चिलीत मात्र वाहनचालकाच्या नोंदींच्या उताऱ्यालाही तेच म्हणतात, म्हणून मजकूर कुठल्या देशातला आहे तेही बघून घ्यावं.

‘दे’ नसेल तर क्रियापद बघा. ‘काएर’ (पडणं) असेल तर झाड, ‘आफिलार’ (धार लावणं) असेल तर सुरी, ‘रेयेनार’ (भरणं) असेल तर फॉर्म. दाराच्या संदर्भात ‘दोस ओखास’ आलं तर दोन कवाडं समजायची.

कागदाच्या बाबतीत मात्र जपून. मराठीत ‘पान’ म्हटलं की कागदही आला आणि त्याची एक बाजूही. स्पॅनिशमध्ये कागद तो ‘ओखा’, बाजू ती ‘पाखिना’. वहीवर 80 ओखास छापलं असेल तर पृष्ठं 160. मी हे एकदा उलटं धरून आख्ख्या कामाचा अंदाज निम्म्यावर आणला होता. त्यामुळे हिशेबाच्या जागी मी ‘पान’ लिहीतच नाही. ‘कागद’ किंवा ‘पृष्ठ’, जे असेल ते.

शब्द लक्षात ठेवायला मराठीच कामी येते. संस्कृत ‘पत्र’ म्हणजे पान. त्यातूनच आपल्याकडे सुरीचं पातं आलं आणि छपराचा पत्राही. स्पॅनिशवाले पत्र्याला ‘ओखालाता’ म्हणतात, त्यातही ओखा आहेच! मूळ लॅटिन ‘फोलिया’. ‘फिलियुस’चं ‘इखो’ (मुलगा) झालं, तसंच ‘फोलिया’चं ‘ओखा’: ‘फ’ आधी ‘ह’ झाला, मग तोही गळाला. गंमत म्हणजे ‘फोलिया’ हे लॅटिनमध्ये अनेकवचन होतं, स्पॅनिशने ते एकवचन करून टाकलं.

कानाने ऐकून लिहिणाऱ्यांसाठी एक खोडा राहिला. ‘ओखेआर’ ही दोन क्रियापदं आहेत, उच्चार अगदी एकच. एच असलेलं म्हणजे पानं चाळणं, बिनएचचं म्हणजे नजर टाकणं. ते ‘ओखो’ म्हणजे डोळ्यावरून. पुस्तकाबद्दल बोलणं चालू असेल तर दोन्ही चपखल बसतात, आणि अशा वेळी मी बोलणाऱ्यालाच सरळ विचारते, एच आहे की नाही.