मकाऊची जुनी प्रोटेस्टंट दफनभूमी: घाई न करता कशी बघायची

मकाऊला जाणारे आपले लोक काय करतात, तर फेरीतून उतरले की कसिनो, मग सेंट पॉल या जुन्या चर्चच्या उरलेल्या उभ्या भिंतीसमोर फोटो आणि एग टार्ट खाऊन परत हाँगकाँग. त्या भिंतीपासून चालत दहा मिनिटांवर ही दफनभूमी आहे, तिकीट नाही, गर्दी नाही, फक्त थोडी तयारी करून गेलात तर मजा येते, नाहीतर "दगडच आहेत की सगळे" म्हणून पाच मिनिटांत बाहेर याल.

शोधायची कशी ते आधी. फोनवर कामोइश चौक टाका. तिथे मोठी बाग आहे आणि तिला लागून कासा गार्डन नावाचा जुना बंगला, एके काळी ईस्ट इंडिया कंपनीने भाड्याने घेतलेला. त्या बंगल्याच्या शेजारीच एक छोटं दार आहे, आम्ही दोनदा त्याच्यासमोरून गेलो आणि दिसलं नाही. दारावर पाटी आहे, तिच्यावर कंपनीचं नाव आणि १८१४ साल, पण त्यावर जाऊ नका, जागा घेतली गेली ती १८२१ मध्ये.

का घेतली हे माहीत असेल तरच पुढचं सगळं कळतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. त्या काळी चीनने परदेशी व्यापाऱ्यांना कँटनमध्ये (आजचं ग्वांगझौ) फक्त व्यापाराच्या हंगामापुरतं राहू दिलं होतं, आणि बायकांना तर तिथे बंदीच. त्यामुळे बायकापोरं मकाऊत आणि साहेब हंगाम संपला की मकाऊत. मकाऊ तेव्हा पोर्तुगीजांचं, म्हणजे कॅथलिक, ते शहराच्या भिंतीच्या आत प्रोटेस्टंट माणसाला पुरू द्यायचे नाहीत. भिंतीबाहेरची जमीन चिनी लोकांची, त्यांनाही आपल्या मातीत परके नको. मग लोक गुपचूप टेकडीवर वगैरे पुरायचे. जून १८२१ मध्ये मिशनरी रॉबर्ट मॉरिसन यांची बायको मेरी कॉलऱ्याने गेली. त्यांचं पहिलं बाळ १८११ मध्ये जन्मल्या दिवशीच गेलं होतं आणि ते टेकडीवर पुरलेलं, मॉरिसनना तिला तिथेच ठेवायचं होतं, पण परवानगी मिळेना. शेवटी कंपनीने हा तुकडा विकत घेतला आणि इथलं पहिलं दफन मेरीचं. नंतर बाहेरच्या काही जुन्या कबरीही इथे हलवल्या, म्हणून १८२१ च्या आधीची तारीख दिसली तर गोंधळू नका.

आत शिरल्यावर आधी छोटं पांढरं चॅपल लागतं, मॉरिसन चॅपल. आत्ताची इमारत १९२२ मध्ये पुन्हा बांधलेली. उघडं असेल तर आत जाऊन रंगीत काचेची खिडकी नक्की बघा, उघड्या पुस्तकावर चार चिनी अक्षरं आहेत, अर्थ "प्रारंभी शब्द होता", बायबलमधलं वाक्य. मॉरिसन यांचं पूर्ण चिनी बायबल १८२३ मध्ये छापून झालं आणि गंमत म्हणजे त्यांच्याशी शर्यत लावून दुसरं चिनी बायबल आपल्याकडे बंगालमध्ये सेरामपूरला चाललं होतं, मिशनरी मार्शमन यांचं, म्हणजे त्यांचे सहकारी विल्यम केरींनी जिथून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण काढलं तिथेच!

मग खाली कबरींकडे या. जागा दोन पातळ्यांवर आहे, चाफ्याची झाडं आहेत, शहराचा आवाज एकदम कमी होतो. पहिल्यांदा मॉरिसन कुटुंब शोधा (कंसात मृत्यूचं साल): मेरी, रॉबर्ट (१८३४) आणि मुलगा जॉन (१८४३), शेजारी सॅम्युअल डायर, ज्यांनी चिनी अक्षरांचे छपाईचे धातूचे खिळे बनवण्यात आयुष्य घातलं. मग जॉर्ज चिनरी, हे माझे आवडते. चित्रकार, मद्रास आणि कलकत्त्यात तेवीसेक वर्षं काढली, डोक्यावर कर्ज झालं, बायकोशी पटेना, आणि १८२५ मध्ये सरळ मकाऊला पळ काढला. १८५२ मध्ये इथेच गेले. जुन्या मकाऊचं जे चित्र आपल्या डोळ्यासमोर येतं त्यातलं बरंचसं यांच्याच हातचं.

बाकी मोठी नावं पटकन: विन्स्टन चर्चिलच्या घराण्यातले लॉर्ड हेन्री जॉन स्पेन्सर चर्चिल (१८४०) आणि हम्फ्री सेनहाऊस (१८४१), दोघेही नौदलाचे अधिकारी, ब्रिटन आणि चीनमधल्या पहिल्या अफू युद्धाच्या काळातले. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स यांचा नातूही इथे आहे.

पण खरं सांगू का, मोठ्या नावांपेक्षा खलाशांचे दगड वाचा. जहाजाचं नाव, वय, आणि मेला कसा ते: ताप, हगवण, डोलकाठीवरून पडून. वय बघितलं की अंगावर येतं, वीस-बावीस वर्षांची पोरं, आणि दगड बसवलाय बरोबरच्या खलाशांनी.

वाचताना काही गोष्टी. जहाजाच्या नावाआधी एच.एम.एस. असेल तर ब्रिटिश नौदलाचं जहाज, यू.एस.एस. म्हणजे अमेरिकन. "रेलिक्ट" म्हणजे विधवा. अक्षरं झिजलेली असतील तर समोरून फ्लॅश मारू नका, काहीच दिसत नाही, मोबाईलचा टॉर्च दगडाला चिकटवल्यासारखा बाजूने धरा, सावली पडते आणि अक्षर उठून येतं. दगडावर पाणी, खडू, पावडर काही लावायचं नाही, नखाने शेवाळं खरवडायचं नाही, कबरीवर बसायचं तर अजिबातच नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा.

वेळ सकाळची धरा. आम्ही भर दुपारी गेलो, ऊन डोक्यावर, दगड सपाट दिसत होते आणि डासांनी पाय फोडून काढले. संध्याकाळी लवकर बंद होते म्हणून साडेचारनंतर तिकडे जायला निघू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर हवा चांगली, पावसाळ्यात वादळाचा सिग्नल लागला की बेत रद्दच समजा. तासभर पुरतो, चिनरींसाठी अजून पंधरा मिनिटं. दानपेटीसाठी सुटे पैसे ठेवा, पटाका (मकाऊचं चलन) नसले तर हाँगकाँग डॉलर चालतात.

पाय शिल्लक असतील तर गिया टेकडीच्या उतारावरची पारशी दफनभूमी बाहेरून बघून या, १८२९ ची. दार बहुतेक कुलूपबंद असतं. माळव्याची अफू मुंबईहून इकडे यायची त्या धंद्यातले हे आपल्या मुंबईचे पारशी, आणि शेजारच्या रस्त्याचं नावच मुळी "एस्त्राडा दुश पारसेश", पारशांचा रस्ता.