फिल्टर तपासायला निघताय? आधी फ्लॅटचं बघा

माउंट (दुर्बीण ज्यावर बसते आणि फिरते तो आधार), लॅपटॉप, पाणी, गरम कपडे कुणी विसरत नाही, त्यावर शब्द घालवत नाही. ही यादी नवा कॅमेरा किंवा नवा फिल्टर न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीवर लावून तपासायच्या रात्रीसाठी आहे. फोटो काढायला जाणं वेगळं आणि तपासायला जाणं वेगळं. तपासणीत दोन चित्रं शेजारी ठेवल्यावर फरक फिल्टरचा आहे की दुसऱ्याच कशाचा, हे छातीठोक सांगता आलं पाहिजे. मागच्या खेपेला वांगणीला स्वच्छ आकाश मिळूनही मला ते सांगता आलं नाही, कारण फ्लॅट, म्हणजे धुळीचे डाग आणि कडेचा अंधार नंतर फोटोतून काढून टाकायला लागणारी चित्रं, घ्यायचे राहिले. कोपऱ्यातला अंधार फिल्टरच्या कडेचा की फोकसरचा (कॅमेरा आत-बाहेर सरकवणाऱ्या नळीचा), डाग कशावरच्या धुळीचे, काही वेगळं करता येईना. म्हणून पिशवीत पहिली वस्तू फ्लॅटचं पॅनेल. कॅमेऱ्याच्याही आधी.

फ्लॅट म्हणजे सगळीकडे सारख्या उजळलेल्या पृष्ठभागाचं चित्र, पण त्याच फिल्टरने, त्याच फोकसला, कॅमेरा त्याच कोनात असताना घेतलेलं. यातलं एक जरी बदललं तरी ते फ्लॅट टाकून द्यायचे. धुळीचा कण न्यूटोनियनमध्ये मेदूवड्यासारखा दिसतो, मधे भोक असलेला, कारण मधला उजेड नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या, दुय्यम आरशाने अडवलेला असतो. तो कण फिल्टरवर असेल तर फिल्टर बदलला की वडाही बदलतो. एका फिल्टरचा फ्लॅट दुसऱ्याला लावून भागत नाही. प्रत्येक फिल्टरचे वेगळे, निदान १५-२० तरी.

पॅनेल म्हणून चित्रं गिरवायचं एलईडी पॅड चालतं. १५० मिमीच्या दुर्बिणीला ए-फोर आकाराचं पुरतं, २०० मिमीला ए-थ्रीच घ्या, नाहीतर नळीच्या तोंडाची कड उघडी राहते. पॅडचा उजेड कमी केला की ते लुकलुकतं. डोळ्याला कळत नाही, पण छोट्या एक्सपोजरमध्ये आडवे पट्टे येतात. म्हणून पॅड पूर्ण उजेडावर ठेवून त्यावर पांढऱ्या कागदांच्या घड्या टाका आणि एक्सपोजर सेकंद-दोन सेकंदांवर न्या. नॅरोबँड (प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टाच सोडणाऱ्या) फिल्टरला कागद काढावे लागतील. कोणत्या फिल्टरला किती कागद, किती सेकंद, हे घरीच ठरवा आणि वहीत लिहा. हिस्टोग्रामचा (चित्रातल्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डावीकडून एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कुठेही आला तरी चालेल. तेवढ्याच सेकंदांचे टोपण लावून डार्कफ्लॅट घ्या. पहाटे साडेतीनला थंडीत हे गणित सुचत नाही आणि मग माणूस म्हणतो, राहू दे, पुढच्या वेळी घेऊ. पुढच्या वेळी घेतलेला फ्लॅट त्या रात्रीचा नसतो.

कॅमेऱ्याची अर्धी तपासणी घरीच, पावसाळ्यातसुद्धा होते. टोपण लावून, कपाटात ठेवून ३०० सेकंदांचे डार्क घ्या. सोनीच्या आयएमएक्स २९४ आणि १८३ सेन्सरांत कडेला चमक दिसते, ५३३ आणि ५७१ मध्ये ती जवळपास नसते. चमक म्हणजे कॅमेरा खराब असं नाही. एकाच तापमानाचे, एकाच गेनचे (सेन्सरचा सिग्नल वाढवायच्या सेटिंगचे) दोन डार्क एकमेकांतून वजा केल्यावर ती गेली म्हणजे झालं. नाही गेली तर कॅमेरा परत करायची मुदत संपायच्या आत बोला. कॅमेऱ्याचा कूलर साधारणपणे बाहेरच्या हवेपेक्षा ३५ अंश खाली नेतो, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्याच्या रात्री उणे १० चा हट्ट धरू नका. शून्यावर ठेवा आणि सगळी तुलना शून्यावरच करा. साधा डीएसएलआर असेल तर त्याच्या आतली काच हायड्रोजन-अल्फाचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते. असा कॅमेरा लावून नॅरोबँड फिल्टरला नावं ठेवू नका.

फोकस बसतो का, हे दिवसा बघून घ्या. डोळ्याने बघण्यासाठी बनवलेल्या पुष्कळ न्यूटोनियनमध्ये कॅमेरा लावला की फोकसर पूर्ण आत सारूनही प्रतिमा नीट होत नाही. दूरचा डोंगर स्पष्ट दिसला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. ताऱ्यांसाठी फोकसर अजून थोडा आत जावा लागतो, तेव्हा दोन-चार मिलिमीटर शिल्लक आहेत ना ते पाहा. (आणि हे करताना नळी सूर्याच्या जवळपासही फिरवायची नाही. मुलं आसपास असतील तर दुर्बीण सोडून हलू नका.) कोमा करेक्टरपासून (कडेचे तारे शेपटीसारखे लांबट होऊ न देणाऱ्या भिंगापासून) सेन्सरपर्यंत बहुधा ५५ मिमी लागतात. कॅननच्या डीएसएलआरमध्ये कॅमेऱ्याचे ४४ आणि टी-रिंगचे (कॅमेरा जोडायच्या रिंगेचे) ११ मिळून ते आपोआप जमतं. वेगळ्या खगोल-कॅमेऱ्याला रिंगा जोडून जमवावं लागतं. मधे फिल्टर आला की त्याच्या काचेच्या जाडीचा एक तृतीयांश भाग त्यात वाढवायचा, २ मिमीच्या काचेला सुमारे ०.७ मिमी. पातळ रिंगांची डबी विसरू नका.

कॉलिमेशन, म्हणजे दुर्बिणीचे आरसे एका रेषेत आणणं. लेझर वापरत असाल तर आधी लेझरच तपासा. फोकसरमध्ये सैल ठेवून गोल फिरवा. प्राथमिक (नळीच्या तळाच्या मोठ्या) आरशावरचा ठिपका वर्तुळात फिरला तर लेझर वाकडा आहे आणि तुम्ही दुर्बीणही त्याच्याइतकीच वाकडी करणार. एफ/५ ला (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट असलेल्या दुर्बिणीला) बिनचूक भाग मधोमध जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो, म्हणून प्रवासानंतर, जागेवर पोचल्यावर पुन्हा एकदा ताऱ्यावर बघा. आरसा हवेइतका थंड व्हायला तासभर द्या. त्याआधी काढलेल्या चित्रावरून आरशाची परीक्षा करू नका.

न्यूटोनियनची नळी मागून उघडी असते, हेही लक्षात ठेवा. आरशाच्या बाजूने टॉर्चचा, लॅपटॉपचा उजेड शिरतो आणि तो फिल्टरच्या माथी मारला जातो. आंघोळीच्या वेळी केसांना घालायची इलॅस्टिकची टोपी मागून चढवली की काम होतं. आरसा थंड झाल्यावरच चढवा.

जागा निवडताना उत्तर मोकळी हवी, कारण माउंट ध्रुवाकडे रोखावा लागतो. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो, एखादं आंब्याचं झाडही त्याला झाकतं. लक्ष्य मात्र उंचावरचं घ्या आणि सगळ्या फिल्टरांना तेच द्या. पहिला फिल्टर लक्ष्य डोक्यावर असताना आणि दुसरा ते मुंबईच्या उजेडात उतरल्यावर, ही तुलना नव्हे. पहिला, दुसरा, मग पुन्हा पहिला असा क्रम लावा. पहिल्याची दोन्ही चित्रं जुळली तरच दुसऱ्याबद्दल बोलायचं.

फिल्टरच्या काचेत आपटून परतणाऱ्या उजेडाची कडी तपासायला मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पूर्वेकडचा घ्या. त्याला लागूनच ज्वाला तेजोमेघ आहे, त्यामुळे ताऱ्याभोवतीची कडी तेजोमेघाला कशी खाते ते लगेच दिसतं. कृत्तिकाही चालतात. कडी दिसली तर फिल्टर उलटा बसवून बघा, पुष्कळदा चकचकीत बाजू आकाशाकडे असायला हवी असते. ऑक्सिजनचा ५०० नॅनोमीटरजवळचा फिल्टर चंद्र असताना तपासू नका. हायड्रोजन-अल्फाला चंद्र त्या मानाने सोसतो. 'प्रकाशप्रदूषण फिल्टर' विकत घेतला असेल तर अपेक्षा बेताची ठेवा. जुन्या सोडियम दिव्यांचा ५८९ नॅनोमीटरजवळचा पिवळा उजेड तो कापतो, पण हल्लीच्या पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या वर्णपटावर पसरलेला असतो, तो कापायचा तर दीर्घिकेचाही उजेड कापला जातो. प्रत्येक फिल्टरनंतर बाख्तिनोव्ह मुखवटा (नळीच्या तोंडावर लावायची, फोकस तपासायची खाचांची जाळी) लावून फोकस पुन्हा करा, डबीवर काहीही छापलेलं असो.

आणि आता परत तेच. फिल्टरचा ड्रॉवर किंवा चक्र असेल तर फ्लॅट त्या फिल्टरचे फोटो संपल्या संपल्या घ्या, फोकस पुढच्या फिल्टरसाठी हलवायच्या आधी. फिल्टर कॅमेऱ्याच्या नोजपीसला (फोकसरमध्ये जाणाऱ्या पुढच्या नळीला) आट्यांनी बसत असेल तर कॅमेरा काढायच्या आधी. काढला, फिल्टर बदलला, परत घातला, की कोन हलला आणि आधीचे फ्लॅट घ्यायची संधी गेली. 'सगळ्यांचे शेवटी एकदम घेऊ' हे मनातसुद्धा आणू नका. लॅपटॉपच्या झाकणावर चिकटपट्टीने चिठ्ठी लावा: फ्लॅट झाल्याशिवाय कॅमेऱ्याला हात नाही.

एका कोपऱ्यातले तारे लांबट दिसतायत? कॅमेरा ९० अंश फिरवा. दोष कॅमेऱ्याबरोबर फिरला, म्हणजे चित्रात त्याच कोपऱ्यात राहिला, तर सेन्सर तिरका आहे, चित्रात दुसऱ्या कोपऱ्यात गेला तर फोकसर किंवा आरसा. ही चाचणी सगळ्यात शेवटी, आणि हो, फ्लॅट घेऊन झाल्यावर.

दव: डिसेंबरात दुय्यम आरसा आधी धुकटतो. हीटरची पट्टी हवीच. बॅटरी हीटर धरून मोजा.

पहाटे: कॅमेरा हळूहळू गरम करूनच बंद. फाइलींच्या दोन प्रती तिथेच. तुलना करताना दोन्ही चित्रांना सारखाच स्ट्रेच (अंधुक भाग उजळून दाखवणं).

घरी: आरशावर दव असेल तर टोपण लावू नका, नळी आडवी ठेवून आपोआप वाळू द्या, पुसू नका. फिल्टर सिलिका जेलसोबत डबीत.