विज्ञान आणि नीती वस्तुनिष्ठ आहेत का? हे तपासायचं कसं

हा वाद निघाला की लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो विज्ञान तेवढं खरं आणि नीती म्हणजे ज्याची त्याची आवड, दुसरा म्हणतो सगळंच माणसाने बनवलेलं, विज्ञानसुद्धा. मला दोन्ही पटत नाही. अख्खं विज्ञान आणि अख्खी नीती एका दमात निकालात काढायला जाऊ नका, समोर एक दावा घ्या आणि तेवढाच तपासा.

आधी दावा फोडा. "प्राण्यांवर प्रयोग करणं चूक आहे" यात दोन प्रश्न आहेत, त्या प्राण्याला वेदना होतात का, आणि होत असतील तर त्या वेदनेला आपण किती किंमत द्यायची. पहिला तपासून बघता येतो, दुसरा नुसत्या डेटातून सुटत नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1739-40 मध्येच हे दाखवलं होतं की "असं आहे" वरून "असं असायला हवं" वर थेट उडी मारता येत नाही. पण त्यावरून नीती खोटी ठरत नाही हां, मधलं एक वाक्य (जसं "वेदना देणं वाईट") कुणीतरी गाळलंय एवढंच कळतं. ते शोधा आणि उघड मांडा.

मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: मी चुकत असेन तर मला कळणार कसं?

1903 मध्ये ब्लाँडलो नावाच्या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने "एन-किरण" सापडल्याचं जाहीर केलं. अंधारात अगदी मंद उजेड किंचित वाढलेला दिसला की किरण आहेत असं धरायचं, आणि फ्रान्समधल्या बऱ्याच शास्त्रज्ञांना तो दिसलाही. 1904 मध्ये रॉबर्ट वुड हा अमेरिकन शास्त्रज्ञ त्यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि प्रयोग चालू असताना अंधारात गुपचूप यंत्रातला प्रिझमच काढून घेतला, ज्याच्याशिवाय ते किरण दिसायलाच नको होते. तरी आकडे सांगणं चालूच, जणू काही झालंच नाही! म्हणजे ती माणसं हुशार होती, प्रामाणिक होती, त्यांचं एकमतही होतं, आणि किरण नव्हतेच. विज्ञानाची वस्तुनिष्ठता शास्त्रज्ञाच्या स्वभावात नसते, प्रिझम काढून बघायची सोय असते त्यात असते. सगळे सहमत आहेत हा पुरावा नाही, आणि लोकांत मतभेद आहेत हाही नाही.

"माणसाने ठरवलंय म्हणजे मनमानी" हेही सोडा. किलोग्रॅमची व्याख्या 20 मे 2019 ला बदलली, धातूच्या ठोकळ्याऐवजी प्लँक स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर आली. एकक आपण ठरवलं, पण अमुक दगड किती किलोचा ते आपल्या मर्जीवर नाही.

आता नीती. इथे प्रिझम नाही हे मान्य करा, पण तपासणी आहे. अमेरिकेत टस्कगीला 1932 ते 1972 सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या सुमारे 400 कृष्णवर्णीय पुरुषांना फसवून अभ्यासात ठेवलं, त्यावरचं औषध पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही, आजार पुढे कसा जातो ते बघायचं होतं म्हणून. कुणी म्हणेल तेव्हाचा काळच तसा होता. मग विचारा, हेच कारण देऊन त्या अभ्यासातला डॉक्टर स्वतःच्या मुलाला औषधाविना ठेवायला तयार झाला असता का? नसेल, तर फरक नेमका कशामुळे, आणि तो फरक त्या पेशंटसमोर उभं राहून सांगता येईल का? शिवाय नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आलेल्या 1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेत माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवी हे पहिल्याच कलमात होतं, म्हणजे काळाची सबब तिथेही टिकत नाही. जागा बदलून बघितली की कोसळतं ते कारण वाईट, मग बोलणारा कुठल्याही संस्कृतीतला असो.

समोरचा म्हणेल, पण ज्याला सुसंगतीची, म्हणजे स्वतःला आणि दुसऱ्याला एकच नियम लावण्याची, पर्वाच नाही त्याला कसं पटवणार? नाही पटवता येत. पण ज्याला पुराव्याची पर्वा नाही त्यालाही विज्ञान पटवता येत नाहीच ना! आणि "आपल्या विरोधात जाणारा निकाल लपवू नये" हा विज्ञानाचाच नियम घ्या, तो कुठल्या यंत्रात मोजलाय? तो "असायला हवं" मधलाच आहे. नीती म्हणजे निव्वळ आवड म्हणणाऱ्याला हा नियमही आवडच मानावा लागेल, आणि तिथे कुणी तयार होत नाही.

एवढं करूनही काही प्रश्न अडकतातच, दोन चांगल्या गोष्टी एकमेकींना भिडतात, जसं साथीच्या काळात एकाचं स्वातंत्र्य आणि दुसऱ्याचा जीव. तिथे ओढून-ताणून उत्तर काढू नका, कुठल्या मुद्द्यापर्यंत दोघांचं जमलं आणि नेमकं कुठे अडलं ते लिहून ठेवा, पुढची चर्चा तिथूनच सुरू करता येते.