रिटर्न भरताना या चुका टाळा: आयत्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नका

आयकराच्या पोर्टलवर रिटर्न उघडलं की पगार, टीडीएस (म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर), बँकेचं व्याज असं बरंच काही आधीच भरलेलं दिसतं. मग काय, एकेक पान पुढे सरकवत माणूस थेट ‘सबमिट’पर्यंत पोचतो. घोळ होतो तो इथे. हे आकडे तुमच्या कंपनीने, बँकेने, म्युच्युअल फंडाने आयकर खात्याला कळवलेले असतात. त्यात कुणाची चूक झाली असली, कुणी उशीर केला असला, तरी जबाबदारी शेवटी तुमचीच.

म्हणून आधी एआयएस (खात्याकडे पोचलेल्या तुमच्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची यादी) आणि फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तपशील) डाउनलोड करा, फॉर्म १६ म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा आणि टीडीएसचा दाखला आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी ठेवा आणि ओळ न् ओळ ताडून बघा. एप्रिलमध्येच घाई करण्यात अर्थ नाही. शेवटच्या तिमाहीच्या टीडीएसचा तपशील द्यायला कंपन्यांना ३१ मेपर्यंत आणि फॉर्म १६ द्यायला १५ जूनपर्यंत मुदत असते. तोवर २६एएस अर्धवट असू शकतो.

सर्रास राहून जातं ते एफडीचं व्याज. ‘बँकेने टीडीएस कापलाय ना, मग झालं की!’ असं म्हणणारे घरोघरी सापडतील. बँक कापते १० टक्के. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उरलेला कर तुम्हालाच भरायचा असतो. फॉर्म १५जी (‘माझा टीडीएस कापू नका’ असं बँकेला दिलेलं घोषणापत्र) दिल्यामुळे काहीच कापलं गेलं नसेल, तरी व्याज दाखवावं लागतंच.

वर्षात नोकरी बदलली असेल तर

इथे फटका मोठा बसतो, म्हणून आकडे घेऊनच बघू. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. समजा, पहिल्या कंपनीने ८ लाख पगार दिला, दुसरीने ८ लाख, आणि आधीच्या पगाराबद्दल तुम्ही दुसरीला काही सांगितलं नाही. दुसरी कंपनी ८ लाखांतून ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन वजा करते. उरले ७ लाख २५ हजार, म्हणजे १२ लाखांच्या आत, म्हणून कलम ८७ए ची सूट देऊन कर शून्य. पहिल्या कंपनीनेही नोकरी सोडताना असाच हिशेब केला असेल, तर दोन्ही फॉर्म १६ वर कर शून्यच दिसणार.

रिटर्नमध्ये मात्र बेरीज १६ लाख होते आणि स्टँडर्ड डिडक्शन मिळतं एकदाच. १५ लाख २५ हजारांवर उपकरासह कर होतो १,१३,१०० रुपये. वर अग्रिम कर (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर) भरला नाही म्हणून २३४बी आणि २३४सी खाली व्याज. नव्या कंपनीत रुजू होतानाच फॉर्म १२बी देऊन जुना पगार कळवला असता, तर हा कर महिन्याच्या महिन्याला कापला गेला असता.

फॉर्म निवडतानाही जरा थांबा. ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ सोपा आहे, पण सगळ्यांसाठी नाही. शेअर वर्षभराच्या आत विकून नफा झाला असेल तर तो चालत नाही, आयटीआर-२ लागतो. इंट्राडे (त्याच दिवशी शेअर घेऊन विकणं) किंवा एफअँडओ (फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) केलं असेल तर आयटीआर-३, मग त्यात तोटा का झाला असेना. चुकीचा फॉर्म भरला तर कलम १३९(९) ची ‘सदोष रिटर्न’ नोटीस येऊ शकते आणि उत्तराला १५ दिवस मिळतात. १२ लाखांपर्यंतची सूटसुद्धा शेअरच्या नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला लागू होत नाही, हे पुष्कळांना कर मोजताना कळतं.

सबमिट केलं म्हणजे संपलं नाही

रिटर्न ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावं लागतं. आधार ओटीपीने दोन मिनिटांचं काम, तरी ते राहतं. समजा, मुदत ३१ जुलै आहे. २५ जुलैला रिटर्न भरलं आणि व्हेरिफाय केलं ५ सप्टेंबरला, तर ते ५ सप्टेंबरलाच भरलं असं धरतात. मग ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागतं. शिवाय नोकरदाराला जुनी करप्रणाली मुदतीतल्या रिटर्नमध्येच निवडता येते, त्यामुळे तिच्यातली ८०सी खालची गुंतवणुकीची वजावट, घरभाडे भत्त्याची सवलत, सगळंच हातचं जातं.

रिफंड अडकला असेल तर आधी बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट झालंय का ते बघा. पॅनवरचं आणि खात्यावरचं नाव जुळत नसेल तर तिथेच गाडी अडते. खातं दुरुस्त केलं की ‘रिफंड रीइश्यू’ची विनंती टाका. पॅन आधारशी जोडलेलं नसल्याने निष्क्रिय झालं असेल तर रिफंड मिळत नाही.

कापलेला टीडीएस २६एएसमध्ये दिसत नसेल तर पोर्टलवर तक्रारी करून फार उपयोग नाही. ज्याने कापला त्यालाच आपलं टीडीएस विवरणपत्र दुरुस्त करावं लागतं, त्याच्या मागे लागा. पगाराच्या थकबाकीवर कलम ८९ ची सवलत घ्यायची असेल तर फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी भरा, नाहीतर सवलत नाकारली जाते.

सबमिट केल्यावर चूक लक्षात आली आणि व्हेरिफाय केलं नसेल, तर ‘डिस्कार्ड’ करून नव्याने भरता येतं. फक्त मुदत उलटली असेल तर नवं रिटर्न उशिराचं धरलं जातं. व्हेरिफाय झालं असेल तर सुधारित रिटर्न भरायचं.